फुगडी, खो-खो आणि ८०० मीटर: मावळातल्या मुलीनं पळायला कारण काय सांगायचं?

(वाचणाऱ्यांसाठी: जसं बोलले तसंच बरंचसं ठेवलंय. मागे लोकलचा आवाज यायचा तेवढा काढलाय. फाटे फोडलेत ते मात्र तसेच आहेत.)

आज इतिहासच आहे, पण लढायांचा नाही. एक लढाई मध्ये येईल, दाभाड्यांची, तेवढी चालवून घ्या. आजचा प्रश्न असा: बारा ते सतरा वयाची पोरं-पोरी अंग का हलवतात? कशासाठी खेळतात, पळतात, घाम गाळतात? आणि मुलींचं खेळणं नेमकं त्याच वयात का थांबतं? हे सगळं आपण आपल्या मावळात, तळेगाव ते लोणावळा या पट्ट्यात उभं राहून बघणार आहोत.

सुरुवात एका आकड्यापासून करते, कारण मी इंजिनिअर आहे आणि आकडा दिसला की मला राहवत नाही. नोव्हेंबर २०१९ मध्ये 'लॅन्सेट'च्या बालक आणि किशोरवयीनांच्या आरोग्याच्या नियतकालिकात जागतिक आरोग्य संघटनेच्या संशोधकांचा एक अभ्यास आला. १४६ देश, शाळेत जाणारी ११ ते १७ वयाची सुमारे १६ लाख मुलं. कसोटी साधी होती: दिवसाला किमान एक तास, दम लागेल अशी हालचाल. २०१६ चं चित्र असं निघालं की जगातली ८१ टक्के मुलं या कसोटीत नापास. मुलगे ७८ टक्के, मुली ८५ टक्के.

इथपर्यंत ठीक आहे, अपेक्षितच आहे. आता खरी गंमत. भारताचा आकडा जगाच्या मानानं बरा होता. मुलींचा तर सगळ्यात चांगल्या देशांमध्ये, बांगलादेशाच्या जोडीनं. का? संशोधकांनी शक्यता मांडली: मुलांच्या बाबतीत क्रिकेटसारखे खेळ, आणि मुलींच्या बाबतीत... घरकाम.

मी हे वाचलं तेव्हा लोकलमध्ये होते, देहूरोडच्या आसपास, आणि मोबाईल खाली ठेवून खिडकीबाहेर बघत बसले. म्हणजे तेरा वर्षांची पोर हंडा भरून आणते, झाडते, धुणं पिळते, आवणीला चिखलात वाकते, आणि तक्त्यात ती 'सक्रिय' म्हणून नोंदली जाते. तिचा भाऊ मैदानावर आहे, तोही सक्रिय. मशीनला दोघंही सारखेच. तुमच्या फोनमधलं पावलं मोजणारं ॲप काय वेगळं करतं? पाण्याला गेलेली पावलं आणि खेळातली पावलं त्याला एकच. (शिवाय पंजाबी ड्रेसला खिसा नसतो, त्यामुळे मुलींची निम्मी पावलं मोजलीच जात नाहीत, हा वेगळा विषय.)

तर माझं म्हणणं आत्ताच सांगून टाकते. आपल्याकडे मुलग्याला अंग हलवायला नेहमी कुणीतरी कारण *दिलं*. मुलीला मात्र कारण *दाखवावं लागलं*. त्याच्यासाठी कारण म्हणजे पाठीवरची थाप होती, तिच्यासाठी परवाना. आता हे इतिहासात कसं दिसतं ते बघू.

मावळ म्हटलं की मावळे, आणि मावळे म्हटलं की तालीम. गावची तालीम म्हणजे लाल माती, मारुती, जोर-बैठका. पोरगं दहा-अकरा वर्षांचं झालं की वस्ताद त्याला लंगोट बांधायला शिकवायचा. त्याला तिथे धरून काय ठेवायचं? जत्रा! चैत्रात गावोगावच्या जत्रा लागल्या की कुस्त्यांचा आखाडा आलाच. सगळ्यात छोट्या पोरांच्या कुस्त्या रेवड्यांवर लागायच्या, मग नारळावर, मग पैशांवर, आणि शेवटची इनामाची. म्हणजे बघा, किती विचारपूर्वक लावलेली उतरंड आहे! दहा वर्षांच्या पोरालाही जिंकायला काहीतरी आहे, आणि पुढच्या वर्षी वरच्या पायरीवर जायचंय. वर ढोल-ताशा, आणि अख्खं गाव बघतंय. गेम बनवणारी मंडळी आज ज्याला 'लेव्हल' म्हणतात ते आपल्या जत्रेत होतंच. अर्थात तालमीचं दार सगळ्या जातींच्या पोरांना सारखं उघडं नव्हतं, हेही लगेच सांगायला हवं. पण ज्यांना उघडं होतं त्यांना आत का जावं हे समजावत बसायची गरज पडत नव्हती.

मुलींचं काय? पहिली गोष्ट, काम. पहाटे जातं, मग पाणी, मग शेत. मावळातला पाऊस तुम्हाला ठाऊक आहे, भाताचं आवण काढायचं, इरलं डोक्यावर घेऊन दिवसभर वाकून लावायचं. ताकद, दम, चिकाटी, सगळं आलं त्यात. फक्त मर्जी आली नाही.

आणि दुसरी गोष्ट, जिला आपण खेळ म्हणून धरतच नाही: मंगळागौर, नागपंचमी, भोंडला.

इथे मी जरा रेंगाळणार आहे. मंगळागौर कोण करायचं? नवीन लग्न झालेली मुलगी, श्रावणातल्या मंगळवारी, लग्नानंतरची पहिली पाच वर्षं. आता लग्नं कधी व्हायची ते आठवा. १८९१ चा संमतीवयाचा कायदा आला तेव्हा बारा वर्षांच्या मर्यादेवरून पुण्यात केवढा गदारोळ झाला. शारदा कायदा १९२९ चा, त्यानं मुलीचं लग्नाचं वय चौदा केलं, आणि तेही कागदावर. म्हणजे शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या मंगळागौरीत रात्रभर जागून झिम्मा खेळणारी, पिंगा घालणारी, कोंबडा करणारी 'नवरी' ही आजच्या हिशेबानं सातवी-आठवी-नववीतली मुलगी होती. अख्खा खेळ किशोरवयीन मुलींचाच होता! आपण तो डोळ्यांसमोर आणतो तेव्हा नथ घातलेल्या मोठ्या बायका दिसतात, म्हणून हे लक्षातच येत नाही.

आणि खेळ हलका नव्हता बरं. साधी फुगडी घालून बघा. पायाला पाय जोडायचे, हात तिढा घालून धरायचे, अंग मागे टाकायचं आणि फिरायचं. समोरचीनं हात सोडला की दोघी भिंतीवर. वेग आणि तोल तर हवाच, त्याहून जास्त समोरचीवर विश्वास हवा. बसफुगडीत तर उकिडवं बसून एक-एक पाय पुढे टाकत फिरायचं. जिममध्ये हेच करून घ्यायला पैसे घेतात. दंडफुगडी, लोळणफुगडी, किकीचं पान, साळुंकी... प्रकार मोजायला बसलो तर हा भाग संपणार नाही.

आता हे रात्रभर का खेळायच्या त्या? बक्षीस नाही, इनाम नाही, गावही बघत नाही. पुरुष तर नाहीतच तिथे. इथे मला मानसशास्त्रातला एक प्रयोग आठवतो. १९७१ साली एडवर्ड डेसी नावाच्या अमेरिकन संशोधकानं कॉलेजच्या मुलांना 'सोमा' नावाचं ठोकळ्यांचं कोडं सोडवायला दिलं. मजेदार कोडं, पोरं आपणहून खेळायची. मग एका गटाला प्रत्येक सोडवलेल्या कोड्यामागे एक डॉलर दिला. पुढच्या वेळी पैसे बंद केले. झालं असं की ज्यांना पैसे मिळाले होते, ती पोरं मोकळ्या वेळात कोड्याला आधीपेक्षा कमी हात लावायला लागली. बाहेरचं कारण आलं आणि आतलं कारण जरा मागे सरकलं. यातूनच पुढे डेसी आणि रिचर्ड रायन यांनी एक मोठा सिद्धांत उभा केला. सोप्या भाषेत सांगायचं तर माणूस एखादी गोष्ट टिकून करतो ती तीन गोष्टी मिळाल्या तर: आपल्या मर्जीनं करतोय, आपल्याला जमतंय, आणि आपली माणसं सोबत आहेत.

आता मंगळागौर घ्या. सासरी ज्या मुलीला दिवसभर कुणी ना कुणी काही ना काही सांगतंय, तिला वर्षातली ही एक रात्र हुकमाशिवाय. मैत्रिणी सोबत. दरवर्षी एखादी नवी फुगडी जमायला लागते. तिन्ही खाती भरली! आणि वर सगळ्यात महत्त्वाची गोष्ट: परवाना. देवीचं व्रत आहे म्हटल्यावर सासूबाई काय बोलणार? खेळायचं आहे असं म्हणून कुणी रात्रभर अंगणात नाचू दिलं नसतं. गौर आहे म्हणून चालतंय. (मंगळागौर सगळ्या घरांत नव्हती, ती मुख्यतः वरच्या मानल्या जाणाऱ्या जातींची. पण नागपंचमीचा झोका आणि फुगडी गावभर असायची, आणि युक्ती तीच: सणाच्या आडून खेळ.)

बरं, आता ती लढाई. मावळात मुली आणि ताकद हा विषय काढला की कुणीतरी लगेच म्हणतं, "आपल्याकडे उमाबाई दाभाडे होत्या!" होत्याच. तळेगावच्या दाभाड्यांच्या सूनबाई, सेनापती खंडेरावांच्या पत्नी. १७३१ साली डभोईच्या लढाईत त्यांचा मुलगा त्रिंबकराव पहिल्या बाजीरावाच्या सैन्याशी लढताना मारला गेला. सेनापतीपद धाकट्या यशवंतरावाच्या नावावर गेलं, पण कारभार उमाबाईंच्या हातात आला, आणि गुजरातच्या मोहिमेवर त्या स्वतः गेल्या. जबरदस्त बाई. पण मला खरं सांगू? एक उमाबाई दाखवून बाकी हजार मुलींना बाकावर बसवायची आपली सवय मला फार खटकते. तिचं घराणं, तिच्यावर आलेली वेळ आणि मुलाचा मृत्यू, एवढं सगळं घडलं तेव्हा ती घोड्यावर बसली. पुन्हा तेच, कारण लागलं. आणि किती महागात पडलेलं कारण.

डभोई हे नाव लक्षात ठेवा, पुन्हा येणार आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी मुलग्यांच्या व्यायामाला नवीन कारण मिळालं: देश. आपल्या शेजारच्या चिंचवडचे चापेकर बंधू घ्या. १८९७ साली रँडला मारण्याआधी दामोदर चापेकरांनी पुण्यात पोरं जमवून व्यायाम आणि लष्करी थाटाची कवायत सुरू केली होती. त्यानंतर तालीम म्हटलं की इंग्रज सरकारच्या पोटात गोळा यायला लागला. थोड्याच वर्षांत तळेगावात समर्थ विद्यालय आलं. प्राध्यापक विष्णु गोविंद विजापूरकरांची ही राष्ट्रीय शाळा आधी कोल्हापुरात होती. सरकारी शिक्षणाला पर्याय म्हणून काढलेली शाळा, शरीरही घडवायचं आणि मनही. १९१० साली सरकारनं ती बंद करून टाकली. चौदा-पंधरा वर्षांच्या पोरांच्या शाळेची साम्राज्याला भीती वाटली, यावरून त्या काळी मुलग्याच्या दंडाला केवढं वजन आलं होतं ते कळतं.

यातून बाहेर पडणारी एक वाट लोणावळ्यात जाते. जगन्नाथ गणेश गुणे, जन्म १८८३, गाव... डभोई! हो, तेच. बडोद्याला राजरत्न माणिकराव यांच्या जुम्मादादा व्यायामशाळेत ते तयार झाले, पुढे खानदेशात अमळनेरला शिक्षणाच्या कामात होते, आणि मालसरच्या परमहंस माधवदासजींकडे योग शिकले. जग त्यांना स्वामी कुवलयानंद म्हणून ओळखतं. १९२४ साली त्यांनी लोणावळ्यात कैवल्यधाम सुरू केलं. मुंबई आणि पुण्याच्या मधोमध, घाटातली रेल्वे १८६३ पासूनची, हवा चांगली. त्याच वर्षी 'योगमीमांसा' हे नियतकालिकही निघालं.

कैवल्यधाम आज आपल्याला 'वीकेंडला डिटॉक्स' म्हणून माहीत असतं, पण शंभर वर्षांपूर्वी तिथे जे चाललं होतं ते भलतंच होतं. माणूस उड्डियान किंवा नौली करतो तेव्हा पोटात नेमकं काय होतं, हे कुवलयानंद क्ष-किरणांनी बघत होते. आसनात रक्तदाब किती बदलतो, आतला दाब किती बदलतो, मोजून छापत होते. म्हणजे व्यायामाला त्यांनी तिसरं कारण दिलं. देव झाला, देश झाला, आता मोजमाप. आपण आज मनगटावर घड्याळ बांधून हृदयाचे ठोके बघतो ना, तो स्वभाव लोणावळ्यात तेव्हाच आला होता.

आणि हे फक्त आश्रमापुरतं राहिलं नाही. १९३७ मध्ये मुंबई प्रांताच्या सरकारनं शारीरिक शिक्षणासाठी समिती नेमली, अध्यक्ष कुवलयानंद. पुढच्याच वर्षी कांदिवलीला शारीरिक शिक्षणाचे शिक्षक तयार करणारी सरकारी संस्था उभी राहिली. म्हणजे तुमच्या-माझ्या शाळेतल्या पीटीच्या तासाची एक मुळी थेट लोणावळ्यापर्यंत जाते. योगासुद्धा त्यांनी शाळेसाठी हुकमांच्या तालावर बसवला, सगळ्यांनी एकत्र, आकड्यांवर. पन्नास पोरांचा वर्ग आणि एकच मास्तर असेल तर दुसरं काय करणार? सोय होती ती. पण मर्जी गेली. सकाळच्या प्रार्थनेनंतर 'एक-दोन-तीन-चार' वर हात हलवताना तुम्हाला कधी मजा आली होती का, प्रामाणिकपणे सांगा.

माधवदासजींचे दुसरे एक शिष्य होते, योगेंद्रजी. त्यांनी १९१८ साली मुंबईत वर्सोव्याला योग संस्था काढली. त्यांच्या पत्नी सीतादेवी योगेंद्र यांनी १९३४ साली खास स्त्रियांच्या योगावर पुस्तक लिहिलं. एका बाईनं बायकांसाठी लिहिलेलं, ही मोठीच गोष्ट होती. त्या काळात बायकांनी व्यायाम करावा असं म्हणणारे लोक हळूहळू वाढत होते, पण ते पुढे काय म्हणायचे? आरोग्य चांगलं राहील, बाळंतपण सोपं जाईल, पुढची पिढी सुदृढ होईल. पंधरा वर्षांच्या मुलीनं आज उडी मारायची ती दहा वर्षांनी होणाऱ्या बाळासाठी! मुलग्याला कुणी सांगितलं नसेल की जोर मार, म्हणजे चांगला बाप होशील.

हे फक्त आपल्याकडेच होतं असं मात्र समजू नका. १९२८ च्या ॲम्स्टरडॅम ऑलिम्पिकमध्ये बायकांना पहिल्यांदा ८०० मीटर धावू दिलं. जर्मनीची लीना राडके जिंकली, विश्वविक्रमासह. जपानची किनुए हितोमी दुसरी. शर्यत संपल्यावर काही जणी दमून खाली बसल्या, जशा पुरुष धावपटू पण बसतात. वर्तमानपत्रांनी मात्र असं रंगवलं की जणू रणांगणावर प्रेतं पडलीत. झालं, बायकांची ८०० मीटर बंद. ती परत आली १९६० मध्ये, रोमला. बत्तीस वर्षं! हा ८०० चा आकडाही खिशात ठेवा.

पुण्यात या मधल्या काळात एक सुंदर अपवाद घडला. क्रिकेटचे महर्षी प्राध्यापक दि. ब. देवधर यांच्या मुली, तारा, सुंदर आणि सुमन, बॅडमिंटन खेळायच्या, आणि १९४० च्या दशकात राष्ट्रीय विजेतेपदं या घरात येत होती. पण तिथे वडीलच खेळाडू. परवाना घरातच तयार होता. ज्या मुलीचा बाप देवधर नाही तिनं काय करायचं?

तिच्यासाठी खो-खो आला, असं मला वाटतं.

खो-खोचे नियम पुण्यात डेक्कन जिमखान्यावर १९१४ च्या सुमारास बांधले गेले. पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९५९-६० ला विजयवाड्यात झाली, आणि लगेच पुढच्या वर्षी, १९६०-६१ ला, कोल्हापुरात महिलांची राष्ट्रीय स्पर्धा सुरू झाली. एका वर्षात! बाकी कितीतरी खेळांत बायकांना यायला दशकं लागली. का जमलं असेल हे? मला दिसतं ते सांगते. दोन खांब आणि चुन्याच्या रेघा, एवढंच लागतं. बूट नाहीत, बॅट नाही. आठ जणी चौकोनात बसलेल्या, एक पळणारी. ती एकटी कधीच नसते, कारण पुढच्या क्षणी कुणाच्याही पाठीत 'खो' बसू शकतो. शाळेच्या आवारात मावतो, त्यामुळे लांब कुठे पाठवायला नको. आणि 'आपला' खेळ आहे म्हटलं की घरचे जरा सैल होतात. फुगडीत जे होतं ते इथे बरंचसं आलं, फक्त सणाच्या जागी शाळेचं नाव आलं. साताऱ्याच्या माण तालुक्यातल्या मोही गावची ललिता बाबर, जी २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत पोचली, तीही शाळेत आधी खो-खोच खेळायची. आणि जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला तेव्हा भारताच्या मुलींनी अंतिम सामन्यात नेपाळला ७८-४० हरवलं, कर्णधार आपल्या महाराष्ट्राची प्रियांका इंगळे.

तरीसुद्धा आठवी-नववीत मुली गळतातच. माझ्या शाळेचं सांगते, नाव नको. पीटीच्या तासाला एक फुटबॉल निघायचा, तो मुलांकडे. आम्ही मुली आंब्याच्या झाडाखाली. कुणी मनाई केली नव्हती हो! फक्त कुणी बोलावलंही नव्हतं. सातवीपर्यंत मी मुलांच्यात घुसायचे. मग एकदम सगळ्यांच्या नजरेत काहीतरी बदललं, ओढणी सांभाळायची की बॉल असा प्रश्न आला, आणि मी झाडाखाली गेले. त्यात मावळात जून ते सप्टेंबर मैदान म्हणजे तळं. वर्गातल्या बाकांमध्ये खेळता येईल असं काही मुलींना कुणी शिकवलं नाही. फुगडीला फक्त दोघींपुरती जागा लागते, पण ती तोवर 'जुनाट' झाली होती.

आणि मग आजचं चित्र. पहाटे साडेपाचला वडगाव, कामशेत, तळेगावच्या बाजूला गाडी काढा. रस्त्याच्या कडेनं पोरी पळताना दिसतील. ट्रॅक पँट, घट्ट वेणी, एकीच्या हातात स्टॉपवॉच नाहीतर मोबाईल. या कुठून आल्या अचानक? पोलीस भरती! १९९४ च्या महिला धोरणाच्या वेळी महाराष्ट्रानं सरकारी नोकऱ्यांत महिलांना ३० टक्के जागा ठेवल्या. भरतीची मैदानी चाचणी ५० गुणांची असते: १०० मीटर, गोळाफेक आणि एक लांब पल्ल्याची धाव. मुलांना १६०० मीटर. मुलींना किती? ८०० मीटर.

खिशातला आकडा काढा आता. १९२८ साली जे अंतर बाईच्या अंगाला झेपणार नाही म्हणून बंद केलं, तेच अंतर आज कामशेतजवळची एक शेतकऱ्याची पोर रोज पहाटे पळते, नोकरीसाठी.

काही जण म्हणतील, हे परत बाहेरचंच कारण झालं की. डेसीच्या डॉलरसारखं. भरती झाली की पळणं संपलं, नाही झाली तरी संपलं. खरं आहे, आणि असं होताना मी बघितलंय. पण मला वाटतं डेसीच्या कॉलेजातल्या पोरांना एक गोष्ट फुकट मिळालेली होती जी या मुलींना मिळालेली नाही. कोड्याला हात लावायला त्यांना कुणाची परवानगी लागत नव्हती. इथे 'भरतीची तयारी करतेय' हे वाक्य पहाटेच्या अंधारात घराबाहेर पडायचं तिकीट आहे. "मला पळायला आवडतं" या वाक्यावर दार उघडत नाही. "गुण मिळतात, नोकरी लागते" यावर उघडतं. दहावीचे क्रीडा गुण घ्या, नोकरीतला खेळाडूंचा कोटा घ्या, सगळं याच दारावर वापरलं जातं. आणि एकदा बाहेर पडल्यावर पुढचं त्यांचं त्या बघतात. अशा मुलींशी बोलले तेव्हा वेळेबद्दल, गुणांबद्दल दोन मिनिटं बोलणं झालं, आणि मग वीस मिनिटं कोण कुणाला मागे टाकतं, कुणाचा कुत्रा मागे लागतो, घाटाकडच्या चढावर कोण रडतं यावर हसणं चाललं होतं. मंगळागौरीतही असंच असणार. देवीला नमस्कार दोन मिनिटं, झिम्मा पहाटेपर्यंत.

म्हणून आईवडिलांना आणि शिक्षकांना "मुलींना प्रेरणा द्या" असं सांगणारी भाषणं मला जरा पोकळ वाटतात. प्रेरणा मुलींकडे भरपूर आहे. जात्यावरही होती, चिखलातही होती. कमी पडतो तो वेळ, जो हंड्यानं आणि झाडूनं खाल्लेला असतो. कमी पडतं मैदान, जिथे कुणी टक लावून बघत नाही. आणि कमी पडतो तो दुसरा बॉल. पीटीच्या तासाला दुसरा फुटबॉल काढायला कुठली समिती नेमावी लागत नाही.

अजून एक गंमत राहिली. मंगळागौर आता कोण खेळतं? तळेगाव-लोणावळ्याकडे श्रावणात हॉलमध्ये कार्यक्रम असतात, गटांच्या स्पर्धा असतात, ट्रॉफी असते. खेळणाऱ्या बहुतेक चाळीस ते साठ वयाच्या. लग्नाचं वय वाढलं, आणि वाढायलाच हवं होतं, पण त्याबरोबर झिम्मा-फुगडी तेरा वर्षांच्या मुलीच्या हातातून निसटून तिच्या आजीकडे गेली. तेरा वर्षांची नात पहिल्या रांगेत बसून रील काढते.

तर या आठवड्याचं काम. तुमच्या आजीला किंवा आईला विचारा की त्यांना फुगडीचे किती प्रकार येतात, शेवटची कितव्या वर्षी घातली, आणि थांबल्या त्या का. उत्तर व्हॉइस नोटमध्ये पाठवा, दोन मिनिटांच्या आत, आणि मागचा टीव्ही बंद करून. लोळणफुगडी येणारी कुणी निघाली तर मला आधी कळवा, मी शिकायला येणार आहे.